वॉर्ड हाच अभ्यासक्रम

एमडी-एमएसच्या प्रवेशाची चर्चा आपल्याकडे घरोघरी होते. नीट-पीजीचा निकाल, जागा, कटऑफ, फी, बाँड यांवर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. प्रवेश मिळाला की चर्चा थांबते. पुढची तीन वर्षं हा तरुण डॉक्टर कुठे उभा असतो, कुणाचं बघून काय उचलतो, त्याचं शिकणं कशामुळे अडतं, याकडे घरच्यांचं लक्ष नसणं समजू शकतं. त्याच्या कॉलेजचंही फारसं नसतं. तीन वर्षांनी परीक्षा होते आणि आता हा तज्ज्ञ झाला असं आपण धरून चालतो. हे पुस्तक त्या मधल्या तीन वर्षांबद्दल आहे.

माझं म्हणणं आधीच मांडते. निवासी डॉक्टर लेक्चर हॉलमध्ये घडत नाही, सेमिनारमध्येही थोडाच घडतो. तो वॉर्डात, ओपीडीत, कॅज्युअल्टीत, ऑपरेशन थिएटरात, काम करता करता घडतो. इथपर्यंत सगळेच मान्य करतात. त्यातून निघणारी पुढची गोष्ट मात्र मान्य करायला जड जाते. युनिटमध्ये कामं कशी वाटली जातात, राउंड कसा होतो, रात्री वरिष्ठ कुठे असतात, चूक झाली तर कोण काय बोलतं, हाच खरा अभ्यासक्रम आहे. नॅशनल मेडिकल कमिशनने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने) छापलेला अभ्यासक्रम त्यानंतर येतो. आणि हा वॉर्डातला अभ्यासक्रम कुणी विचार करून आखलेला नसतो. तो पिढ्यानपिढ्या चालत आलेला असतो.

शासकीय रुग्णालयात मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला असलेल्या डॉक्टरचा दिवस बघा. पहाटे येऊन रक्त काढायचं, बल्बांवर नावं घालायची, फॉर्म भरायचे. सरांचा राउंड येण्याआधी प्रत्येक पेशंटची नाडी, रक्तदाब, लघवीचं प्रमाण केस पेपरवर चढवायचं. राउंडमध्ये ऑर्डर्स टिपायच्या. मग सीटीची तारीख मिळवायला रेडिऑलॉजीत, पिशवी आणायला ब्लड बँकेत, सहीसाठी ऑफिसात. ट्रॉलीला माणूस नसेल तर ट्रॉलीही ढकलायची. इमर्जन्सीचा दिवस असेल तर हे सगळं दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतं, आणि त्यातच कधीतरी प्रबंधाची आकडेवारी भरायची असते.

यातलं कोणतं काम शिकवतं आणि कोणतं नुसतं थकवतं, हे कामाच्या नावावरून ठरत नाही. पहिल्या महिन्यात रक्त काढणं हे कौशल्य आहे. वर्षाअखेरीस तेच निव्वळ ओझं होतं. रिपोर्ट आणायला गेलेली मुलगी रेडिऑलॉजिस्टशेजारी पाच मिनिटं उभी राहून आपल्या पेशंटची फिल्म बघू शकली, तर त्या फेरीत ती जे शिकते ते पुस्तकाच्या प्रकरणातून येत नाही. खिडकीतून कागद घेऊन परत आली, तर तिने फक्त कागद वाहिला. पायपीट दोन्ही वेळा तेवढीच. फरक एवढाच की एका ठिकाणी तिला कामाच्या आत येऊ दिलं आणि दुसऱ्या ठिकाणी दाराबाहेर ठेवलं.

काम करता करता शिकण्याचा अभ्यास करणारे जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली नेमकी हीच गोष्ट दाखवली. त्यांच्या पुस्तकात डॉक्टर नाहीत, इतर धंद्यांतले उमेदवार आहेत. लायबेरियातल्या शिंप्यांकडे नवा मुलगा आधी बटणं लावतो, कडा दुमडतो, मग शिवायला लागतो, आणि कापड बेतणं सगळ्यात शेवटी शिकतो. पहिल्या दिवसापासून तयार होत आलेलं पूर्ण वस्त्र त्याच्या हातात असतं, चुकलं तर नुकसान थोडं होतं, आणि उस्तादाची कात्री त्याच्या डोळ्यांसमोर चालत असते. याउलट अमेरिकेतल्या काही सुपरमार्केटांमध्ये खाटीककाम शिकणाऱ्या मुलांना मांस गुंडाळण्याच्या टेबलावर बसवलेलं असे आणि जाणते कारागीर भिंतीपलीकडे काम करत. ती मुलं दिवसभर राबत, पण मुख्य काम त्यांच्या नजरेलाच पडत नसे. आपल्या रुग्णालयांतला पहिल्या वर्षाचा डॉक्टर बऱ्याचदा त्या गुंडाळण्याच्या टेबलावर असतो. वरिष्ठ नातेवाइकांशी कठीण गोष्ट बोलतात तेव्हा तो लॅबमध्ये असतो. निदान बदलतं तेव्हा तो डिस्चार्ज कार्ड लिहीत असतो. तिसऱ्या वर्षी त्याच्यावर ती दोन्ही कामं एकदम येऊन पडतात.

म्हणून शिकण्याला मदत करणारी सर्वांत मोठी गोष्ट कोणती असं कुणी विचारलं तर मी सांगेन: झेपेल त्याहून थोडं पुढचं काम सोपवणं, आणि ते करताना जवळपास असणं. दोन्ही एकत्र हवं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या ओले टेन काटे यांनी २००५ पासून हा विचार पद्धतशीर मांडला. एखादं काम आधी फक्त बघायचं, मग वरिष्ठ शेजारी असताना करायचं, मग हाकेच्या अंतरावर असताना, मग एकट्याने, आणि शेवटी दुसऱ्याला शिकवत. पायरी केव्हा चढायची हे कॅलेंडर ठरवत नाही. त्या विशिष्ट डॉक्टरवर त्या विशिष्ट कामासाठी आता विश्वास टाकता येतो का, यावर ते ठरतं. आपल्याकडे हे दोन बाजूंनी बिघडतं. बऱ्याच खासगी रुग्णालयांत पेशंट कन्सल्टंटचा असतो, त्यामुळे शिकणाऱ्याच्या हाती शेवटपर्यंत काही येत नाही. तीन वर्षं झाली तरी तो बघतच असतो. मोठ्या शासकीय रुग्णालयांत उलटं घडतं. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत अख्खी जबाबदारी हाती येते आणि जवळपास कुणी नसतं. पेशंट वाचला तर मुलगा तयार झाला असं आपण म्हणतो. पण एकट्याने केलेलं काम बरोबर होतं की नशिबाने निभावलं, हे त्याला कोण सांगणार? न सुधारलेली सवय पंचवीस वर्षं अनुभव म्हणून मिरवते.

रात्रीच्या फोनबद्दल या पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. वरिष्ठाला उठवावं की नाही, हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या डॉक्टरला रोज पडतो. त्याचं उत्तर मागच्या फोनला काय वागणूक मिळाली यावर अवलंबून असतं. ‘एवढंही कळत नाही का’ हे वाक्य एकदा ऐकलं की पुढचे दहा फोन होत नाहीत. ज्यांच्या हाताखाली मी शिकले ते सर फोन उचलल्यावर आधी विचारत, ‘तुला काय वाटतं?’ उत्तर ऐकून घेत, मग स्वतःचं मत देत, आणि ते वेगळं असेल तर का वेगळं हेही सांगत. झोपेतून उठून हे करायला जेमतेम दोन मिनिटं लागत. मला वाटतं, निदान करायला मी त्या दोन मिनिटांत शिकले.

आता तासांकडे वळू. हा विषय टाळून पुढे जाता येत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या १९९२ सालच्या निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला ४८ तास, सलग १२ तासांहून अधिक काम नाही आणि आठवड्याची एक सुट्टी असं स्वच्छ लिहिलेलं आहे. तीस वर्षांनंतर २०२३च्या पदव्युत्तर शिक्षण नियमावलीत आकडा गेला आणि ‘वाजवी तास’ व ‘वाजवी विश्रांती’ असे शब्द आले. २०२४ मध्ये आयोगाच्याच मानसिक आरोग्यविषयक कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम नको, असं सुचवलं. ४८ वरून ७४ वर आलो, आणि तेही अजून शिफारशीच्या रूपात. निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेच्या प्रत्येक संपाच्या वेळी विद्यावेतन, वसतिगृह आणि सुरक्षेचे मुद्दे गाजतात. झोपेचा मुद्दा मागे पडतो.

थकलेला डॉक्टर चुकतो याला पुरावा आहे. बोस्टनमध्ये अतिदक्षता विभागात झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांकडून सलग २४ तासांहून लांब पाळ्यांच्या जुन्या पद्धतीत गंभीर चुका ३६ टक्के जास्त झाल्या. पण न्यूयॉर्कची हकिकत आणखी खोलात नेते. १९८४ मध्ये तिथल्या एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दाखल झाली आणि काही तासांत दगावली. रात्री तिला पाहणारे दोघेही प्रशिक्षणार्थी होते. वरिष्ठांशी बोलणं झालं ते फोनवर. वडील पत्रकार होते, त्यांनी प्रकरण लावून धरलं. डॉ. बर्ट्रंड बेल यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९८९ मध्ये त्या राज्यात आठवड्याला ८० तास आणि सलग २४ तास ही मर्यादा आली, आणि २००३ मध्ये ८० तासांचा नियम साऱ्या अमेरिकेत लागू झाला. जगाने यातला तासांचा भाग उचलला. खुद्द बेल यांचं म्हणणं मात्र सतत हेच राहिलं की मुख्य उणीव देखरेखीची होती, रात्री अनुभवी डॉक्टर जागेवर नव्हता. पुढे २०११ मध्ये तिथे पहिल्या वर्षाला सलग १६ तासांची कडक मर्यादा घातली गेली आणि २०१७ मध्ये ती मागेही घेतली गेली. पाळ्यांचे तास लवचीक ठेवले तर रुग्ण जास्त दगावतात का, हे मोठ्या तुलनांमध्ये तपासलं गेलं. तसा फरक आढळला नाही. मात्र मेडिसिनमधल्या तुलनेत लांब पाळ्यांतले पहिल्या वर्षाचे डॉक्टर स्वतःच्या शिक्षणाबद्दल आणि प्रकृतीबद्दल कमी समाधानी होते, आणि त्यांचे विभागप्रमुख जास्त.

याचा अर्थ झोप महत्त्वाची नाही असा कुणी काढू नये. माणसाला झोप मिळाली पाहिजे, त्यासाठी पुराव्याची वाट बघायची गरज नाही. अर्थ असा की तास कापले आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर शिकणं आपोआप वाढत नाही. पाळी लहान झाली की पेशंट एका हातातून दुसऱ्या हातात जास्त वेळा जातो, आणि प्रत्येक वेळी काहीतरी गळतं. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत पेशंट सोपवून देण्याची ठरावीक रीत शिकवली गेली: आजार किती गंभीर, आतापर्यंत काय झालं, काय करायचं बाकी आहे, काय बिघडू शकतं, आणि ऐकणाऱ्याने ते परत सांगायचं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चुका २३ टक्क्यांनी घटल्या. आपल्याकडे हे काम जिन्यात, चालता चालता, ‘बेड बाराकडे लक्ष ठेव’ एवढ्यावर उरकतं. खरं तर शिकवण्यासाठी इतकी चांगली वेळ दिवसात दुसरी नाही. ज्याने रात्रभर पेशंट पाहिला त्याला त्याचा विचार मोठ्याने मांडावा लागतो आणि ताज्या डोक्याचा माणूस त्याला प्रश्न विचारू शकतो. त्यासाठी खर्च नाही, फक्त ठरलेली वेळ, बसायची जागा आणि त्या वेळात कुणी फोन करणार नाही एवढी हमी लागते.

भीतीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. ‘आम्ही पण असंच शिकलो’ हे वाक्य आपल्या रुग्णालयांत इतकं ऐकू येतं की ते एखाद्या नियमासारखं झालंय. राउंडमध्ये पेशंटसमोर, नातेवाइकांसमोर, सिस्टरांसमोर अपमान केला की मुलगा अभ्यास करून येतो, अशी समजूत आहे. तो अभ्यास करतो हे खरं. पण त्याहून आधी तो लपवायला शिकतो. न तपासलेला पोटाचा भाग ‘नॉर्मल’ म्हणून लिहितो, न घेतलेला रक्तदाब अंदाजाने भरतो. एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधांच्या चुका मोजल्या. चांगल्या गटांत चुका कमी निघतील असा त्यांचा अंदाज होता. निघालं उलट: एकोपा असलेल्या गटांत चुकांची नोंद जास्त. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. ज्या वॉर्डात चूक सांगता येत नाही तिथे ती कुणालाच काही शिकवत नाही, आणि तीच चूक पुढच्या वर्षीच्या बॅचच्या वाट्याला येते.

भीती सगळ्यांना सारखी वाटून येत नाही हेही लिहायला हवं. कोण कुठल्या कोट्यातून आलं, आडनाव काय, हे युनिटमध्ये पहिल्या आठवड्यातच विचारलं जातं. कठीण प्रोसिजर कुणाला करायला मिळते आणि फक्त पेपरवर्क कुणाच्या वाट्याला येतं, यात त्या उत्तराचा हात असतो. मे २०१९ मध्ये मुंबईत आदिवासी समाजातून आलेल्या एका तरुण निवासी डॉक्टरने आयुष्य संपवलं. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला आणि खटला न्यायालयात गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीतली एक निवासी डॉक्टर विश्रांतीसाठी सेमिनार रूममध्ये गेली असताना तिच्यावर बलात्कार झाला आणि तिची हत्या झाली. या घटनांना गुन्ह्याची बाजू आहे आणि ती न्यायालयांची आहे. शिक्षक म्हणून आमच्याकडे उरतं ते असं की दाराला कडी असलेली झोपायची खोली, स्वच्छ बाथरूम, आणि तक्रार केली तर परीक्षेत सूड उगवला जाणार नाही याची खात्री, या शिक्षणाच्याच गोष्टी आहेत. जीव मुठीत धरून बसलेला माणूस ईसीजी वाचायला शिकत नाही.

लॉगबुकविषयी थोडक्यात. ते भरलं जातं, सहीही होते, बहुधा परीक्षेच्या आदल्या महिन्यात. त्याऐवजी शिक्षकाने पंधरावीस मिनिटं खुर्ची टाकून शिकाऊ डॉक्टरला पेशंटशी बोलताना आणि तपासताना बघावं आणि लगेच एक चांगली व एक सुधारण्याजोगी गोष्ट सांगावी. अमेरिकेत नव्वदच्या दशकात जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर एक लहानशी चाचणी बसवली आणि ती जगभर गेली. आपल्याकडे अनेक डॉक्टरांना एमडीच्या प्रॅक्टिकलपर्यंत प्रत्यक्ष तपासताना कुणी शांतपणे पाहिलेलंच नसतं.

आपल्या राज्यातली एक अडचण परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. शासकीय कॉलेजांतल्या पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरतात. त्यामुळे नागपूरच्या किंवा धुळ्याच्या वॉर्डात केरळची, राजस्थानची, बंगालची मुलं असतात, आणि समोरचा पेशंट वऱ्हाडी, अहिराणी किंवा पावरी बोलतो. ‘छातीत भरून आलं’, ‘जीव घाबराघुबरा होतो’, ‘अंगात कसर आहे’ यांतलं कशाला हृदयविकार समजायचं आणि कशाला ताप, हे त्या मुलांना कोण सांगतं? बहुतेक वेळा वॉर्डातल्या मावशी. त्या दुभाषाचं काम करतात, नातेवाइकांना समजावतात, आणि पेशंट कालपासून जेवलेला नाही हेही त्यांनाच आधी कळतं. इन्चार्ज सिस्टर नव्या डॉक्टरला डोस चुकतोय हे ज्या सौम्यपणे सांगतात, तो सौम्यपणा मी कित्येक प्राध्यापकांत पाहिलेला नाही. या दोघींचं शिक्षणातलं स्थान कोणत्याही नियमावलीत नाही. मला वाटतं, पहिल्या महिन्यात निवासी डॉक्टरांना रोज अर्धा तास मराठी शिकवणं हे बायोस्टॅटिस्टिक्सच्या कार्यशाळेइतकंच सक्तीचं असावं, आणि ते शिकवायला वॉर्डातलीच माणसं असावीत.

आणखी एक शिक्षक नेहमी विसरला जातो: दुसऱ्या वर्षाचा डॉक्टर. सुई कुठे घालायची, फॉर्मवर काय लिहिलं की तपासणी लवकर होते, कोणत्या पेशंटकडे आधी धावायचं, हे सगळं पहिल्या वर्षाचा डॉक्टर त्याच्याकडून शिकतो. चांगला सीनियर मिळाला की तीन वर्षं बदलतात. वाईट मिळाला तर त्याचा तऱ्हेवाईकपणा पुढे तीन बॅचेस चालतो. शिकवायचं कसं हे त्याला कुणीही शिकवलेलं नसतं. प्राध्यापकांसाठी शिक्षणशास्त्राचे कोर्सेस आहेत, त्याच्यासाठी एक दुपारही नाही. जिल्हा रुग्णालयात तीन महिने काम करण्याचा जो कार्यक्रम आयोगाने सुरू केला, त्यातही हाच धागा आहे. जिथे जिल्ह्याचे फिजिशियन किंवा सर्जन त्या मुलाला सोबत घेऊन ओपीडी करतात तिथून तो बदलून येतो. जिथे तो फक्त रिकाम्या पोस्टची भर म्हणून वापरला जातो तिथून तो बाँडचा तिटकारा घेऊन येतो.

शेवटी रुग्णांविषयी. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचं, गोव्याची वैद्यकीय शाळा त्याहून तीन वर्षं जुनी. तेव्हापासून आजपर्यंत आपल्या भागातला प्रत्येक डॉक्टर गरिबांच्या शरीरावर शिकलेला आहे. पैसेवाल्याच्या मणक्यात पहिली सुई कुणी घालत नाही. हे ऋण फेडण्याचा एक मार्ग म्हणजे त्यांना विचारणं: मी शिकतेय, मॅडम शेजारी उभ्या आहेत, मी करू का? मी ज्या वॉर्डांत काम केलं तिथे बहुतेक जण हो म्हणाले, आणि जे नाही म्हणाले त्यांचं नाही ऐकून घेणं हाही त्या दिवशीचा धडा होता. या पुस्तकाच्या मूळ आराखड्यात रुग्णांवरचं प्रकरण परिशिष्टाच्या आधी, सर्वांत शेवटी होतं. ते पहिलं यावं असा मी आग्रह धरला, आणि संपादकांनी तो मानला.